पोतोसीची चांदी, जालन्याचा पाळणा

'जालना, सोने का पालना' ही म्हण मराठवाड्यातील बहुतेक शिक्षकांनी ऐकलेली असेल. म्हण दख्खनी बोलीतली आहे आणि जालन्याचा माणूस ती आजही अभिमानाने सांगतो. भूशास्त्राच्या नजरेने तिच्याकडे पाहिले तर मात्र पंचाईत होते. कुंडलिकेच्या काठचे हे शहर आणि त्याच्या भोवतीचा जिल्हा दख्खनच्या काळ्या बेसॉल्टवर वसला आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे जे थरावर थर साचले, त्यांचा हा खडक. त्याच्यापासून काळी कसदार माती होते. विहीर खोदताना एखादे वेळी झिओलाइटचे सुंदर स्फटिकही हाती लागतात. सोने मात्र मिळत नाही, आणि चांदीही नाही.

मग पाळणा सोन्याचा कशाने झाला? या प्रश्नाचा माग काढत गेले तर आपण दक्षिण अमेरिकेतल्या एका डोंगरापाशी येऊन पोचतो. त्या डोंगरानेही एका भाषेला म्हण दिलेली आहे. नकाशावर पाहा: जालना साधारण १९.८ अंश उत्तर अक्षांशावर आहे, आणि आजच्या बोलिव्हियातील पोतोसी हे शहर १९.६ अंश दक्षिण अक्षांशावर. विषुववृत्तापासून दोघांचे अंतर जवळजवळ सारखेच. हा निव्वळ योगायोग आहे, पण भूगोलाच्या तासाला उपयोगी पडण्यासारखा आहे. अक्षांश सारखा असूनही जालन्यात उन्हाळा भाजून काढतो आणि पोतोसीत वर्षभर थंडी असते, कारण पोतोसी समुद्रसपाटीपासून सुमारे ४००० मीटर उंचीवर आहे. कळसूबाईच्या माथ्यावर आणखी दीड कळसूबाई रचावी, तेव्हा त्या शहराची उंची गाठता येईल.

एखादी गोष्ट फार मोलाची आहे हे सांगायचे असले की स्पॅनिश माणूस म्हणतो, 'बाले उन पोतोसी', म्हणजे 'तिचे मोल एका पोतोसीइतके आहे'. गुणी मुलाबद्दल, चांगल्या गड्याबद्दल, जुन्या घराबद्दलही असे म्हणतात. 'एका पेरूइतके मोल' असाही तिचा जोडप्रयोग आहे. तो पेरू म्हणजे देश, फळ नव्हे. 'पोतोसी' हा शब्द आता स्पॅनिश कोशात सामान्यनाम म्हणूनही सापडतो आणि त्याचा अर्थ दिलेला असतो 'अलोट संपत्ती'. विशेषनामाचे सामान्यनाम होण्याइतकी कीर्ती फार थोड्या गावांना मिळते. आपल्या दख्खनमध्ये ती गोवळकोंड्याला मिळाली. हिऱ्यांच्या बाजारपेठेमुळे इंग्रजीत 'गोलकोंडा' म्हणजे संपत्तीचे आगर असा अर्थ रूढ झाला.

पोतोसीची कीर्ती पसरायला वेळ लागला नाही. डोंगरातील चांदीचा स्पॅनिश लोकांना पत्ता लागला १५४५ मध्ये. सर्व्हान्तेसच्या 'दोन किहोते' या कादंबरीचा दुसरा भाग १६१५ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा तिच्या नायकाच्या तोंडी पोतोसीच्या खाणी अपार धनाचे माप म्हणून आल्या. म्हणजे सत्तर वर्षांत एक निर्जन, थंड डोंगर घराघरातल्या बोलण्यात जाऊन बसला. त्याच सुमारास तेथील वस्ती दीड लाखाच्या आसपास गेली होती. त्या काळी युरोपातही एवढी मोठी शहरे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच होती. या डोंगराचे नाव पडले 'सेर्रो रिको', श्रीमंत डोंगर.

श्रीमंत डोंगरातून चांदी निघाली ती कशी, हे समजल्याशिवाय म्हणीचा अर्थ पुरता लागत नाही. म्हणून थोडे रसायनशास्त्र.

पहिली वीस-पंचवीस वर्षे धातुक इतके कसदार होते की ते थेट भट्टीत वितळवता येई. या भट्ट्याही स्थानिक अँडीज लोकांच्या. मातीच्या, छिद्रे ठेवलेल्या या भट्ट्या डोंगराच्या उतारावर मांडत आणि वाऱ्यानेच त्यांचा भाता चाले. वरचा कसदार थर संपला, तेव्हा खालच्या धातुकात चांदी थोडी आणि दगड फार अशी स्थिती आली. सरपण तर त्या उंचीवर जवळजवळ नव्हतेच. मार्ग मेक्सिकोत निघाला होता. पाचुका येथे बार्तोलोमे दे मेदिना याने १५५०च्या दशकात पाऱ्याची पद्धत मोठ्या प्रमाणावर यशस्वी केली होती. १५७०च्या दशकाच्या आरंभी ती पोतोसीला आली.

पद्धत दिसायला साधी आहे. धातुक पाण्यावर चालणाऱ्या घणांनी कुटून पीठ करायचे. त्यात मीठ, तांब्याचा क्षार आणि पाणी मिसळून लगदा करायचा, वर पारा शिंपडायचा आणि माणसांच्या किंवा खेचरांच्या पायांनी तो आठवडेच्या आठवडे तुडवायचा. मीठ आणि तांब्याचा क्षार यांच्यामुळे चांदीच्या सल्फाइडचे क्लोराइड होते. पारा त्या क्लोराइडमधली चांदी मोकळी करतो आणि स्वतः क्लोराइड होऊन बसतो. मोकळी झालेली चांदी उरलेल्या पाऱ्यात विरघळते. हे झाले पारदमेल, म्हणजे अमलगम. लगदा धुतला की जड पारदमेल खाली राहते. ते तापवले की पारा वाफ होऊन निघून जातो आणि चांदीचा सच्छिद्र गोळा मागे उरतो. पोतोसीच्या थंडीत ही क्रिया इतकी मंद चाले की लगद्याच्या पेट्यांना खालून ऊब द्यावी लागे. तापमान आणि अभिक्रियेचा वेग यांचा संबंध शिकवताना याहून चांगले ऐतिहासिक उदाहरण मला माहीत नाही.

आता एक हिशेब. दहावीचा विद्यार्थी तो सहज करू शकेल. चांदीचा अणुभार १०८, पाऱ्याचा सुमारे २०१. क्लोराइडमधून चांदीचा एक अणू सोडवताना पाऱ्याचा एक अणू क्लोराइड होऊन धुण्याच्या पाण्याबरोबर निघून जातो. म्हणजे १०८ ग्रॅम चांदीमागे २०१ ग्रॅम पारा, एक किलो चांदीमागे जवळजवळ १.९ किलो पारा कायमचा गेला. हा पारा कामगाराच्या निष्काळजीपणाने वाया गेलेला नव्हे. अभिक्रियेने घेतलेली ती किंमत आहे. काही चांदी धातुकात मुक्त स्थितीत असे, तिला ही किंमत पडत नसे. उलट वाफेवाटे आणि सांडण्यातून होणारे नुकसान निराळे. प्रत्यक्ष व्यवहारातही चांदीच्या वजनाइतका किंवा त्याहून जास्त पारा खर्ची पडत असे. तो नदीनाल्यांत गेला, हवेत गेला आणि माणसांच्या शरीरात गेला. पाऱ्याच्या वाफेने हात कापू लागतात, दात ढिले होतात, स्मृती जाते.

हा पारा यायचा पेरूतील वांकाव्हेलिका येथून, आणि कमी पडला की स्पेनमधील आल्मादेनहून. वांकाव्हेलिकाच्या खाणीला त्या काळी लोक 'मरणाची खाण' म्हणत.

खाणीत उतरणारा माणूस कोण होता? पेरूचा व्हाइसरॉय फ्रान्सिस्को दे तोलेदो याने १५७०च्या दशकात 'मिता' पक्की केली. क्वेचुआ भाषेत मिता म्हणजे पाळी. इंका राजवटीत प्रत्येक गावाने पाळीपाळीने रस्ते, कोठारे, शेते यांचे काम करावे अशी रीत होती. तोलेदोने शब्द तोच ठेवला आणि काम बदलले. सोळा प्रांतांतून दरवर्षी सुमारे साडेतेरा हजार पुरुष पोतोसीला पाठवायचे, एका वेळी त्यातल्या साधारण एक तृतीयांशांनी खाणीत किंवा गिरणीत राबायचे. बायकामुले, लामा जनावरे आणि वाटेचा शिधा घेऊन ही कुटुंबे शेकडो किलोमीटर चालत येत. मजुरी ठरलेली होती. ती पोटाला पुरत नसे. आपल्याकडचा 'वेठ' हा शब्द याला बराच जवळचा आहे. मराठवाड्यातील शिक्षकाला कदाचित आणखी एक चित्र आठवेल, दिवाळीनंतर बिऱ्हाड घेऊन उसाच्या फडावर निघालेल्या कुटुंबांचे, वर्गातल्या रिकाम्या जागांचे. दोन्ही गोष्टी एक नव्हेत. मिता हा राजाचा हुकूम होता, उचल हा कर्जाचा व्यवहार आहे. पण 'पाळी' कोणावर येते, हा प्रश्न दोन्हीकडे विचारता येतो.

होसे दे आकोस्ता या जेझुइट पाद्र्याने १५९०च्या आपल्या ग्रंथात या खाणीचे वर्णन केले आहे. कातड्याच्या शिड्या, अंगठ्याला बांधलेली मेणबत्ती आणि पाठीवर दोन आरोबांचे, म्हणजे सुमारे तेवीस किलोंचे ओझे. पोतोसीत ऐंशी लाख माणसे मेली असा आकडा अनेक पुस्तकांत येतो. त्याच्यामागे कोणतीही मोजणी नाही आणि मी तो वर्गात सांगणार नाही. अत्याचार सिद्ध करण्यासाठी फुगवलेल्या आकड्याची गरज नसते. दरवर्षीचे साडेतेरा हजार हा सरकारी आकडाच पुरेसा बोलका आहे. मिता कायद्याने बंद झाली ती १८१२ मध्ये. अडीचशे वर्षांच्या आसपास ती चालली.

चांदीचा पाचवा हिस्सा राजाचा. पोतोसीत १५७०च्या दशकातच टांकसाळ निघाली आणि तेथे आठ रियालांचे मोठे नाणे पडू लागले. त्याचे ठरलेले वजन सुमारे साडेसत्तावीस ग्रॅम आणि शुद्धता ९३ टक्के. हे नाणे पुढे साऱ्या जगाचे चलन झाले. आणि याच टांकसाळीत असा प्रकार घडला की तो वाचताना म्हणीतली गंमत लक्षात येते. १६४०च्या दशकात तेथील अधिकारी आणि चांदीचे व्यापारी यांनी संगनमताने नाण्यात तांबे वाढवले. १६४९ मध्ये चौकशी झाली आणि फ्रान्सिस्को गोमेझ दे ला रोचा या बड्या व्यापाऱ्याला पुढच्या वर्षी मृत्युदंड झाला. तोवर युरोपच्या बाजारांत पेरूचे रियाल सावकार हातात धरीनासे झाले होते. म्हणजे बोलीभाषेत पोतोसी हे मोलाचे शिखर होते, त्याच दिवसांत सराफाच्या पेढीवर पोतोसीच्या नाण्याला बट्टा लागत होता.

'बट्टा' हा शब्द मी मुद्दाम वापरला. त्याच्याकडे परत येऊ. आधी ही चांदी आपल्याकडे कशी आली ते पाहू.

सोळाव्या-सतराव्या शतकांत युरोपला भारताचे सुती कापड, नीळ, मिरी, सोरा हवा होता. भारताला युरोपचे लोकरी कापड फारसे नको होते. उन्हाळ्यात ते घालणार कोण? मग फरक भरून काढायचा तो चांदीने. १६०० साली स्थापन झालेली इंग्रजांची ईस्ट इंडिया कंपनी आणि १६०२ ची डच कंपनी, दोघींच्या जहाजांतून रियालांच्या पेट्या सुरतेला येत. पोर्तुगीज त्याआधीपासून गोव्याला आणत. काही चांदी तांबड्या समुद्राच्या आणि इराणच्या वाटेने येई. आणखी एक वाट उलट्या दिशेने होती. मेक्सिकोतील आकापुल्कोहून मनिलाला १५६५ ते १८१५ अशी अडीचशे वर्षे स्पॅनिश जहाजे जात राहिली आणि तिथून चांदी चीनकडे वळे. चीनमध्ये सोळाव्या शतकाच्या अखेरीस एक तोळा सोन्याला सहा-सात तोळे चांदी पुरे, युरोपात बारा तोळे लागत. जिथे चांदीला जास्त मोल तिथे ती वाहत जाणार, हे पाण्याच्या उताराइतके सरळ आहे.

भारतात चांदीच्या खाणी नावालाच. मेवाडात जावर येथे शिसे-जस्ताबरोबर काही चांदी निघे, एवढेच. तरीही शेरशहाने (१५४० ते १५४५) घालून दिलेला आणि मोगलांनी चालवलेला रुपया उत्तम चांदीचा होता: वजन सुमारे साडेअकरा ग्रॅम, शुद्धता ९६-९७ टक्के किंवा त्याहून वर. परदेशी नाणे मोगल मुलखात जसेच्या तसे चालत नसे. ते टांकसाळीत द्यायचे. तिथे ते वितळवून, कस लावून त्याचे रुपये पाडून मिळत. मला ही व्यवस्था फार शहाणपणाची वाटते. पोतोसीच्या टांकसाळीतली लबाडी सुरतेच्या मुशीत उघडी पडे, अंबडच्या शेतकऱ्याच्या पदरात पडत नसे.

वर्गासाठी दुसरा हिशेब. आठ रियालांच्या नाण्यात शुद्ध चांदी किती? २७.५ गुणिले ०.९३, म्हणजे साधारण २५.६ ग्रॅम. रुपयात शुद्ध चांदी सुमारे ११.१५ ग्रॅम. भागाकार येतो जवळजवळ २.३. टांकसाळीचा आकार पाच-सहा टक्के वजा केला की उरतात दोन रुपये आणि दोन-तीन आणे. सतराव्या शतकातील सुरतेच्या व्यवहारांत आठ रियालांचे नाणे दोन ते सव्वादोन रुपयांना धरलेले आढळते. हिशेब जुळतो. आता हा हिशेब मघाच्या पाऱ्याच्या हिशेबाला जोडा. पोतोसीच्या क्लोराइडमधून आलेल्या ११.१५ ग्रॅम चांदीमागे सुमारे २१ ग्रॅम पारा गेला. पाऱ्याची घनता १३.६, म्हणजे एका रुपयामागे दीड मिलिलिटर पारा. औषधाच्या लहान चमच्याचा तिसरा हिस्सा.

सुरतेहून ही चांदी दख्खनमध्ये शिरे. ताव्हेर्निये या फ्रेंच जवाहिऱ्याने सतराव्या शतकात सुरतेहून गोवळकोंड्याला जाण्याची जी वाट नोंदवली आहे, तिच्यात औरंगाबादनंतरच्या मुक्कामांत अंबड आणि आष्टी ही नावे ओळखू येतात. दोन्ही आजच्या जालना जिल्ह्यात आहेत. या मुलखाला परदेशी व्यापार नवा नव्हता. भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. सांचीच्या स्तूपाला दान देणाऱ्यांच्या लेखांत या गावाचे नाव आहे. इथल्या उत्खननात सातवाहन काळातील हस्तिदंताची जी स्त्रीमूर्ती मिळाली, तिच्यासारखी एक मूर्ती इटलीतील पाँपेई येथे सापडली आहे. भारताच्या मालापायी रोमचा पैसा पूर्वेला वाहून जातो, अशी प्लिनीची तक्रार होती. सोळाशे वर्षांनी युरोपातले लोक तेच गाऱ्हाणे पुन्हा गात होते.

जालन्याच्या नावाची एक आख्यायिका अशी की हे गाव मूळ जानकपूर, आणि एका धनवान मुसलमान विणकर-व्यापाऱ्यावरून, म्हणजे 'जुलाहा'वरून, त्याचे नाव जालना झाले. आख्यायिकेला पुरावा मानू नये, पण गावाने आपला मोठेपणा कोणाच्या नावे लिहिला हे तिच्यातून कळते. राजाच्या नाही, खाणीच्या नाही, विणकराच्या. काळ्या मातीत कापूस, कापसाचे सूत, सुताचे कापड आणि कापडाच्या मागे चांदी, असा हा क्रम आहे. मोगल शेतसारा रोकड मागत, म्हणून शेतकऱ्यालाही माल विकून रुपया मिळवावाच लागे. अशा पेठेत रोकड साचते.

साचलेली रोकड लपत नाही. नोव्हेंबर १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी मोगलांची ही पेठ लुटली. सोने, चांदी, जवाहीर, कापड, घोडे, उंट असा मोठा ऐवज घेऊन सैन्य परत फिरले. वाटेत संगमनेरजवळ मोगल फौजेशी निकराची लढाई झाली, सिधोजी निंबाळकर पडले आणि बहिर्जी नाईकाने आडवाटेने सैन्य पट्ट्याच्या किल्ल्यावर सुखरूप नेले. पाठ्यपुस्तकातला हा प्रसंग आपण शौर्याचा म्हणून शिकवतो, आणि तो तसा आहेच. पण चांदीच्या प्रवासातलाही तो एक टप्पा आहे. युद्धाला रोख पैसा लागतो आणि दख्खनमध्ये तो कुठे सापडेल हे महाराजांना नेमके माहीत होते.

आता 'बट्टा'. चांदीच्या रुपयाने मराठीला किती शब्द दिले हे मुलांना शोधायला सांगावे. भरवशाच्या माणसाला आपण 'बंदा रुपया' म्हणतो. बंदा म्हणजे न मोडलेला, अखंड. पूर्ण खरी गोष्ट 'सोळा आणे' खरी, कारण रुपयाचे आणे सोळा. कोणाचा फायदा झाला की 'त्याची चांदी झाली'. आणि नावाला लागतो तो 'बट्टा' मुळात सराफाचा. जुने झिजलेले किंवा परमुलखातले नाणे घेताना तो जी वजावट करी, तिला बट्टा म्हणत. जालन्यात हा व्यवहार विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत चालू होता. निजामाचा रुपया 'हाली' आणि इंग्रजी यंत्रावर पाडलेला तो 'कलदार'. सहा कलदारांना सात हाली पडत. गावातल्या म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यात हे दोन शब्द अजून सापडतील. ते लिहून घ्यावेत.

'खणखणीत' हा शब्दही असाच. सराफ नाणे दगडावर आपटून ऐके, त्यामागे पक्के भौतिकशास्त्र आहे. चांदीची घनता १०.५, तांब्याची ९, शिशाची ११.३. म्हणजे आकारमानाने दोन भाग शिसे आणि एक भाग तांबे घेतले तर त्या मिश्रणाची घनता चांदीच्या अगदी जवळ जाते. आर्किमिडीजची युक्ती इथे फसते. वर चांदीचा मुलामा दिला तर डोळेही फसतात. कान मात्र फसत नाही, कारण शिसे कंपने शोषून घेते आणि चांदीचे चांगले नाणे बराच वेळ कंप पावत राहते. वजन, आकार, रंग सगळे जुळले तरी आवाज बद्द येतो.

एखादा चौकस विद्यार्थी विचारील की जालन्याच्या जुन्या रुपयात पोतोसीची चांदी आहे, हे सिद्ध करता येईल का. प्रश्न चांगला आहे. चांदी, तांबे आणि शिसे यांच्या समस्थानिकांचे प्रमाण खाणीगणिक किंचित वेगळे असते. वस्तुमान वर्णपटमापकाने ते मोजून युरोपातील जुन्या नाण्यांतली चांदी मेक्सिकोची, पोतोसीची की युरोपचीच, हे ओळखण्याचे काम झाले आहे. पण मोगल टांकसाळीत जुने रुपये, दागिने, इराणी नाणी आणि रियाल एकाच मुशीत वितळत. तिथे खुणा एकमेकींत मिसळून जातात. प्रत्येक रुपयाची जन्मपत्रिका मांडता येणार नाही. एकूण साठ्यात अमेरिकेच्या चांदीचा वाटा मोठा होता, हे व्यापाराच्या नोंदींवरून निश्चित आहे.

प्लासीच्या लढाईनंतर, म्हणजे १७५७ नंतर, हा ओघ आटला. बंगालचा महसूलच हाती आल्यावर इंग्रज कंपनीला कापडाच्या बदल्यात चांदी आणण्याची गरज उरली नाही. आपल्याच शेतसाऱ्यातून आपलेच कापड विकत घेतले जाऊ लागले. १८०३ मध्ये असई येथे मराठ्यांचा पराभव झाला, तोवर हा उलटा व्यवहार चांगलाच मुरला होता. पुढे जालन्याहून कापूस गेला, पण तो कच्चा, गाठी बांधून.

अँडीजमधून आलेली दुसरी वस्तू मात्र वितळली नाही. पोतोसीच्या मजुरांचे मुख्य अन्न होते 'चुन्यो', म्हणजे रात्रीच्या हिमात गोठवून, पायांनी तुडवून, दिवसाच्या उन्हात वाळवलेला बटाटा. बटाटा हे पीक अँडीजचे आणि 'बटाटा' हे नाव आपण पोर्तुगीजांकडून घेतले. पोतोसीत चुन्यो विकून काही स्पॅनिश व्यापारी खाणमालकांसारखे श्रीमंत झाले. जालन्याच्या बाजारात आज बटाट्याचा ढीग दिसतो तो त्याच डोंगराळ मुलखाची देणगी आहे, आणि त्याच्या नावाने मोलाची एकही म्हण नाही.

मुशीत खुणा मिसळल्या तरी एका जागी त्या जशाच्या तशा राहिल्या आहेत. पेरूतील केल्काया हिमटोपीतून काढलेल्या बर्फाच्या गाभ्याचा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे बर्फाचे थर वर्षावर्षाने मोजता येतात. सोळाव्या शतकाच्या मध्यानंतरच्या थरांत शिसे आणि इतर धातूंचे प्रमाण एकदम वाढलेले दिसते. पोतोसीच्या भट्ट्यांचा आणि कुटाईचा धुरळा वाऱ्याने शेकडो किलोमीटर दूर नेऊन तिथे टाकला होता. औद्योगिक क्रांतीच्या दोनशे वर्षे आधीच्या वायुप्रदूषणाची ही नोंद आहे.

सेर्रो रिकोवर अजून काम चालते. आता तिथून चांदीबरोबर जस्त आणि कथील निघते. खाणकामगार तोंडात कोकाची पाने धरून आत शिरतात आणि बोगद्यातल्या 'तिओ' नावाच्या शिंगे असलेल्या मूर्तीपुढे दारू आणि विडी ठेवतात. युनेस्कोने १९८७ मध्ये पोतोसीला जागतिक वारसा म्हटले, आणि २०१४ मध्ये धोक्यातल्या वारशांच्या यादीत टाकले. साडेचारशे वर्षांच्या खोदाईने डोंगर आतून पोखरला गेला आहे. २०११ साली त्याच्या माथ्याजवळ मोठा खड्डा पडला, आणि शिखर हळूहळू खाली बसते आहे.